परडी कुणी सोडली

पोळीचा घास तोंडात होता तोच सारंग म्हणाला, “आई, एकदा म्हणून दाखव बघू.” मी म्हटलं, “गिळू तर दे बाप्पा. फाशी द्यायच्या माणसालाही जेवू देतात.” तो हसला नाही. शुभदा ओट्याशी उभी राहून, कानात ते बोंडूक खुपसून ऑफिसशी बोलत होती, तिनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे हळू बोला. सुनेच्या घरात सासूनं हळू बोलायचं, आणि सुनेनं भिंतीशी मोठ्यानं बोललं तरी त्याचा पगार मिळतो. मी पाणी प्यायले, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाले, “गिल्टी.” “शाब्बास,” सारंग म्हणाला, माझ्या नातीला, मुक्ताला, पाढा आल्यावर म्हणतो तसा. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, हिंगणघाटच्या नगरपालिकेच्या शाळेतलं. पण तिथंसुद्धा मास्तरांनी मला कधी शाब्बास म्हणून खाली बसवलं नव्हतं. आठवडाभर हा शब्द मी म्हणते आहे. भाजी निवडताना म्हणते, आंघोळीचं पाणी अंगावर घेताना म्हणते. पहिल्या दिवशी तो घशात काट्यासारखा अडकला होता. आता अडकत नाही. सपक झाला आहे, चघळून चोथा झालेल्या उसासारखा. आणि नेमकी त्याचीच मला भीती वाटते. जी गोष्ट तोंडाला अडकत नाही ती उद्या डोक्यालाही अडकणार नाही.

मी ढकललं नाही. मी परडी सोडली. इतकीच गोष्ट आहे, आणि ती ऑगस्टपासून माझ्यापाशी आहे, कमरेच्या किल्ल्यांसारखी. इथं किल्ल्या नाहीत. दारं नंबर दाबून उघडतात. सहा महिन्यांसाठी म्हणून मी आयर्लंडातल्या या डंडॉकला आले, नातीचं कौतुक करावं, पोराला चार दिवस हातची भाजी-भाकरी घालावी. आणि येऊन चादरीची घडी मोडत नाही तो जगभर तो रोग सुटला. विमानं बंद. व्हिसा म्हणे आपोआप वाढतो. माझं घर तिकडे, माझी तुळस तिकडे, कुलूप शेजारच्या पुरुषोत्तमाच्या भरवशावर, आणि मी इकडे खिडकीत बसून पावसाकडे बघते. इथला पाऊस पडत नाही, नुसता रेंगाळतो. उठून जात नाही असा पाहुणा. बाजूच्या घरात ब्रीडा. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल, एकटी, पांढऱ्या केसांची, पाठीचा कणा ताठ. लॉकडाऊनच्या पहिल्या दिवसांत तिनं आमच्या दारात गरम ब्रेड ठेवला, फडक्यात गुंडाळून. दगडासारखा. मी तिच्या दारात शंकरपाळे ठेवले. दुसऱ्या दिवशी तिनं कुंपणापलीकडून अंगठा वर केला. मीही केला. एवढाच आमचा परिचय, आणि मला तो पुरेसा वाटत होता. कॉलनीतल्या कित्येक बायकांशी चाळीस वर्षांत माझं एवढंही पटलं नाही.

तिच्या अंगणात डेलिया होते. लाल, ताटलीएवढे. गणपतीला लाल फूल लागतं, आणि या गावात जास्वंद म्हणजे कुणी ऐकलेलं नाव नाही. सारंग म्हणाला, सुपरमार्केटमधून आणतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, फ्रिजमधलं, कुणी कुठे हात लावलेलं फूल मी देवाला वाहायचं? आमच्याकडे चतुर्थीला काय, रोजचंच, उजाडायच्या आत बायका निघतात परडी घेऊन. कुणाच्या कुंपणावरून जास्वंद, कुणाची तगर, कुणाचा कण्हेर. विचारून कुणी घेत नाही. घरवाली उठली तर आतून ओरडते, “अहो, झाडाला काही ठेवा!” आपण म्हणतो, “देवालाच नेते बाई, तुझ्याही नावाचं वाहते.” ती बडबडते, आपण चालू लागतो, दुसऱ्या दिवशी ती आपल्या दारातला पारिजात वेचून नेते. यात चोरी नसते. भांडण असतं, पण ते भांडण म्हणजेच शेजार. मी तर नियमानं वागले. झाडावर फुलं ठेवून वागले. तीनच घेतली, चौथ्याला हात लावला, आणि मागून आवाज आला. रात्रीच्या झग्यातच ब्रीडा. पायात सपाता, केस मोकळे. मी हसून म्हटलं, “गॉड. गॉड.” आणि आभाळाकडे बोट केलं. तिनं आभाळाकडे बघितलं नाही. तिनं परडीची कडी धरली. मीही धरली. गवत ओलं. ती ओढते, मी ओढते. तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता, चहाचा वास, आणि तिच्या डोळ्यांत पाणी. ते पाणी मी पाहिलं. आणि मग ती खाली पडलेली होती, हात अंगाखाली, आणि परडी तिच्या छातीवर.

ते पाणी मी पाहिलं आणि ती पडलेली होती, या दोहोंच्या मध्ये जे आहे त्यावर आज कोर्ट बसणार.

गाडीत मी मागं बसते. पुढचा पट्टा मला गळ्याशी लागतो. बाहेर मेंढ्या, ओल्या, एकाच दिशेला तोंड करून. सारंग म्हणाला, “आई, आपली वकील ईफा पुन्हा एकदा समजावून सांगेल, पण तू गोंधळू नकोस. मोठा चार्ज ते मागे घेतायत. हात मोडला म्हणून तो मोठा होता. तू छोट्याला हो म्हणायचं. जज बहुतेक समज देऊन सोडून देतील, नावावर काही राहणार नाही. विमानं सुरू झाली की तू घरी.” “आणि मी नाही म्हटलं तर?” “तर मोठा चार्ज परत उभा. तारखा. वर्ष जाईल, दोन जातील. पासपोर्टवर केस लटकलेली. आणि तिथं तू आणि ती, दोघींचाच शब्द. तिचा हात मोडलाय, तुझं काय मोडलंय?” याला उत्तर होतं, पण मुलाला देता येण्यासारखं नव्हतं. मग तो आरशातून म्हणाला, “तूच तर म्हणायचीस, कबूल केलं की मार अर्धा.” खरं आहे. म्हणत होते. सारंग आणि त्याची बहीण ज्ञानदा भांडून आले, काही फुटलं, काही सांडलं, की मी दोघांना उभं करायची. जो कबूल करेल त्याला दोनऐवजी एकच. पण मग तिथंच संपलं. संध्याकाळी बाबा आले की त्यांच्याकडे जाऊन रडायचं नाही, फिर्याद न्यायची नाही. घर चालवायचं तर असाच कायदा लागतो. मी म्हटलं, “तेव्हा तू केलेलं असायचं.” सारंगनं गियर बदलला. “दर वेळी नाही गं,” तो म्हणाला, सहज, हवापाण्याचं बोलावं तसं. “एक खाऊन मोकळं व्हायचो. खेळायला जायचं असायचं.” मी मेंढ्यांकडे बघत राहिले. चाळीस वर्षांचा माझा पोरगा, त्याच्या मानेवर मागं दोन केस पांढरे झालेत, ते मी त्या वेळी पहिल्यांदा पाहिले.

घरी कुणी माझं खोटं आहे असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मला जागच्या जागी उत्तर देता आलं असतं. त्या चतुर्थीला पोलीस येऊन गेले, दोघं, एक बाई आणि एक पोरगेलासा, अगदी सभ्य, बूट पुसून आत आले, परडी पिशवीत घालून घेऊन गेले. गणपती बिनफुलांचा बसला. मी सारंगला म्हटलं, मी ढकललं नाही, परडी सोडली. तो म्हणाला, “का सोडलीस?” मला सांगता येईना. शुभदा मोदकाची पारी करत होती. मान वर न करता म्हणाली, “आई, तुम्ही कधी काही सोडलंय?” वाईट हेतूनं नाही म्हणाली. थोडी हसतच म्हणाली. शुभदाची जीभ माझ्यासारखीच आहे, म्हणून तर आमचं पटत नाही. मी तिला म्हटलं, “पारी फाटली बघ.” पण ते वाक्य माझ्या अंगात घुसून बसलं. खरंच, मी काय सोडलंय? सासऱ्यांनी घराचा मागचा तुकडा दिराला द्यायचं म्हटलं, सोडला नाही. ज्ञानदाचं लग्न ठरताना समोरच्यांनी नाक मुरडलं, त्यांना सोडलं नाही. भाजीवाल्याशी, नळावरच्या बायकांशी, रेशनच्या रांगेत, कुठे म्हणून मी हात सैल केलेला मला आठवत नाही. कॉलनी मला ओळखते ती त्यासाठीच. मग सत्तरी उलटताना, परक्या देशात, परक्या बाईसमोर, देवाच्या परडीवरून या हातानं एकाएकी का सोडावं? कोर्टात समोरचा वकील मीच असते, तर मीच मला विचारलं असतं.

मग रोज मी ते पुन्हा बघायला लागले. भांडी घासताना बघते, मुक्ताची वेणी घालताना बघते. मुक्ता अकराची आहे. माझं सगळं समजतं तिला, पण उत्तर त्यांच्या त्या गाण्यासारख्या इंग्रजीत. परवा मी कंगवा शोधत होते तर म्हणाली, “इट्स इन द प्रेस, आजी.” प्रेस म्हणजे कपाट इथं. मला किती महिने झाले ऐकून, अजून ‘प्रेस’ म्हटलं की माझ्या नाकात सरकीचा वास येतो, कापसाच्या गाठी, हवेत तरंगणारी रुई, आणि सारंगच्या बाबांचा खाकी सदरा. आमच्याकडे प्रेस म्हणजे जिनिंग-प्रेस, आणि सारंगचे बाबा तिथं पहाऱ्यावर होते.

एका उन्हाळ्यात कापसाची गंजी पेटली. कुणी पेटवली, कशानं पेटली, देव जाणे. कापूस नुसत्या उन्हानंही पेट घेतो. मॅनेजर चारुदत्तबाबूंनी यांना आत बोलावून खुर्ची दिली. पहारेकऱ्याला खुर्ची! तिथंच समजायला हवं होतं. म्हणाले, मोरेश्वर, पोलिसांत गेलं तर तुला नेतील. त्यापेक्षा लिहून दे की माझ्या हातची बिडी पडली, चूक झाली. नोकरी ठेवतो, पहाऱ्यावरून काढून आत घेतो. फक्त यानंतर युनियनकडे जायचं नाही, लेबर कोर्टात जायचं नाही. यांनी सही केली आणि मग घरी येऊन मला सांगितलं. यांच्या तोंडाला सुपारीचा वास कधी आला नाही, बिडी तर दूरच. बाजूला कुणी ओढली तर उठून जायचे. मी म्हटलं, “चला, मी येते चारुदत्तबाबूंकडे.” हे म्हणाले, “आता कुठे जाऊन काय? मी लिहून दिलं.” त्यानंतर नोकरी राहिली, घर राहिलं, पोरं शिकली. सारंग आज जे कॉम्प्युटर बडवतो ते त्या सहीवरच उभं आहे, हे मला कळतं. मी मूर्ख नाही. पण मला दुसरं एक माहीत आहे, ते सारंगला माहीत नाही. शेवटच्या आजारात, वर्ध्याच्या दवाखान्यात, यांना बघायला प्रेसमधला एक जुना माणूस आला. त्याच्यापाशी हे म्हणाले, “बिडी मीच टाकली होती. विझवली असं वाटलं. लाल टोक दिसत होतं, वाऱ्यानं गेलं.” मी खाटेशी उभी. म्हटलं, “अहो, कोणती बिडी? कशाची बिडी?” यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं अडाणी माणसाकडे बघावं तसं, कीव करून. “तुला काय माहीत,” म्हणाले, “तू होतीस का तिथं?”

तेव्हापासून मला कबुलीची भीती. शिक्षेची नाही. मार मी कुणाचाही खाईन.

कोर्टाची इमारत दगडी खांबांची, मोठ्या देवळासारखी, पण आत देव नाही आणि चपला काढायच्या नाहीत. सगळ्यांची तोंडं झाकलेली. आम्हाला दूर दूर उभं केलं. ईफा आली, आमची वकीलबाई, पोरगीच आहे, लाल केस, धावत बोलते. बेळगावकडची एक दुभाषी बाई ठेवली होती, तिचं मराठी कानडी वळणाचं, पण गोड. ईफाचं ती सांगत गेली. आता हो म्हटलं की झालं ते झालं. मी ढकललं की नाही, हे यापुढे कुणी उघडून बघणार नाही. शिक्षा जास्त वाटली तर त्याबद्दल बोलायची वाट कायद्यात असते, पण समोरच्यांनी मोठा चार्ज मागे घेतला तो आपण वरच्या कोर्टात जाणार नाही या बोलीवर, आणि ईफानं तसा शब्द दिला आहे. “आजी, कळलं का?” दुभाषी बाई म्हणाली, “मागनं माघार नाही बघा.” मी विचारलं, “आणि मी सोडली, असं म्हटलं तर चालेल का? ढकललं नाही, सोडली, पण जी काय शिक्षा ती मान्य?” तिनं इंग्रजीत विचारलं. ईफानं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत दया, घड्याळाकडे एक नजर. “तसं नाही म्हणता येत,” दुभाषी म्हणाली. “गुन्हा कबूल तर पूर्ण कबूल.” ईफानं सारंगला अंगठा दाखवला, “शी’ल बी ग्रँड.” इथं सगळंच ग्रँड. ताप उतरला ग्रँड, चहा झाला ग्रँड, आणि मी स्वतःला खोटं पाडलं तरी ग्रँडच.

बाकावर ब्रीडा होती. लांब, दुसऱ्या टोकाला. हात बरा झालेला दिसत होता, पण तो मांडीवर असा ठेवलेला की जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिलाय. पोलिसांनी सारंगला मागंच सांगितलं होतं, ते डेलिया तिच्या नवऱ्यानं लावलेले. तो गेल्यापासून दर रविवारी एकच फूल कापून ती त्याच्या थडग्यावर नेते, बाकीची झाडावर सुकू देते. मी त्या वेळी म्हटलं होतं, “मग तिचीही पूजाच की.” सारंग म्हणाला, “आई, प्लीज, हे तिथं बोलू नकोस.” मी तिच्याकडे बघत होते. मनात म्हटलं, एकदा मान वर कर. तुझ्या डोळ्यांतलं ते पाणी मला पुन्हा बघू दे, म्हणजे पुढचं मला दिसेल. कारण गेल्या आठवड्यापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला आहे. त्या ओल्या गवतात मी उभी आहे, कडी ओढते आहे, आणि पुढं काहीच नाही असं जे होतं, त्या जागी आता कधीकधी माझ्या तळव्याला काहीतरी लागतं. मऊ. झग्याचं कापड, त्याखाली हाड. पूर्वी लागत नव्हतं. हा शब्द म्हणायला लागल्यापासून लागतं. मी तळवा पदराला पुसते, तरी लागतं. यांना ते लाल टोक असंच दिसायला लागलं असेल का, हळूहळू, सदरा घालताना, बुटाची नाडी बांधताना?

माझं नाव पुकारलं तेव्हा ते माझं आहे असं कळलंच नाही. उभी राहिले. जज्जबाई उंचावर, चष्मा, शांत. कुणीतरी वाचलं. दुभाषी बाई कानाशी सांगत होती, मला ऐकू येत होतं ते फक्त तिच्या मास्कमधलं फुस्स. मग सगळे थांबले. सारंगचा श्वास थांबलेला मला पाठीमागून कळला, आईला कळतो. मनात आलं, नाही म्हणावं. म्हणावं आणि बसावं. राहीन दोन वर्षं, मरेन इथंच, पण हात माझा राहील. आणि लगेच सारंगच्या मानेवरचे ते दोन पांढरे केस आठवले. दर वेळी नाही गं, एक खाऊन मोकळं व्हायचो. “गिल्टी,” मी म्हणाले. स्पष्ट, मोठ्यानं. शाळेत कविता म्हटली असती तशी. जज्जबाई काही बोलल्या, वय, परका देश, पहिलीच चूक, पश्चात्ताप. दुभाषी म्हणाली, “आजी, तुम्हाला वाईट वाटतं हे त्यांनी ध्यानात घेतलंय.” मी विचारलं, “कुणी सांगितलं त्यांना?” तिनं ते भाषांतर केलं नाही, शहाणी बाई. सोडून दिलं मला. चहा ओतायला लागेल एवढ्या वेळात सगळं आटोपलं.

बाहेर खांबांशी सारंगनं मला उभं केलं आणि गाडी आणायला गेला. जाताना दोन पायऱ्या एकदम उतरला, पोरासारखा. ईफानं माझी परडी परत आणून दिली, पारदर्शक पिशवीत, वर चिठ्ठी चिकटवलेली, आणि फोन कानाला लावून ती आत गेली. मी पिशवी फाडून काढली. वेताच्या विणीत एक पाकळी अडकून राहिली होती, वाळून काळी. तेवढ्यात माझ्यासमोर दोन बूट येऊन थांबले. ब्रीडा. अंतर राखून. तिनं मास्क हनुवटीखाली ओढला. काहीतरी बोलली, बरंच बोलली, मी मान हलवली की कळत नाही. तिनं ओठ दाबले. मग हातातली काठी बगलेत धरली आणि दोन्ही मुठी आवळून पुढं केल्या. ओढल्यासारखं केलं, इकडे, तिकडे. एक मूठ तिची, एक माझी, असं बोटानं दाखवलं. आणि मग जी माझी, ती तिनं उघडली. हळू. एकेक बोट. पाचही बोटं पसरून तो हात तिनं तसाच माझ्यासमोर धरला, आणि दुसऱ्या हातासकट मागं कलली, पडताना कलावं तसं. त्या दिवशी पायाखालचं गवत ओलं होतं हेही तिनं बुटानं घासून दाखवलं. तिचे डोळे भरलेले. तेच पाणी. “सॉरी,” ती म्हणाली. तेवढं मला कळतं.

आता? आता म्हणतेस, बाई? मला तिच्यावर चिडता आलं असतं, पण मला दिसत होतं. हात मोडलेला असताना, दुखत असताना पोलिसांनी विचारलं, ती म्हणाली असेल ढकललं. आणि एकदा म्हटल्यावर म्हटलेलंच दिसत राहिलं असेल तिलाही. आत बाकावर बसून तिनं माझ्या तोंडून तो शब्द ऐकला आणि तिचं आतलं काहीतरी उलटलं असेल. तिलाही आजपर्यंत तळव्याचा धक्का छातीवर लागत होता, मला तळव्यावर. मी “ए पोरी! ईफा!” म्हणून हाक मारली. दरवाजा जड होता, बंद झाला होता. हॉर्न वाजला. मी वळून बघते तो ब्रीडा पायऱ्या उतरून निघालेली, एका हातानं कठडा धरून.

गाडीत मी विचारलं, “सारंग, समजा आता कुणी येऊन सांगितलं की हिनं ढकललं नव्हतं, तर?” “कुणी सांगितलं?” “समजा.” “तर काही नाही. आई, तू स्वतः हो म्हणालीस ना? आपण शब्द दिलाय वर जाणार नाही म्हणून. ते दार लागलं. आता त्याचा विचार पण करू नकोस.” आणि तो शीळ घालायला लागला. ऑगस्टपासून त्यानं शीळ घातली नव्हती. त्याचे खांदे खाली आले होते, स्टिअरिंगवर बोटं ताल धरत होती. “ती काय म्हणत होती गं, ब्रीडा?” मी मेंढ्यांकडे बघितलं. “हात बरा आहे म्हणाली,” मी म्हटलं. आणि हे म्हणताना मला एकदम वर्ध्याच्या दवाखान्यातली खाट दिसली, आणि यांची ती कीव करणारी नजर. इतकी वर्षं मी समजत होते की यांना भ्रम झाला, कबुलीनं यांचं डोकं खाल्लं. पण यांनाही असंच असेल. खरी गोष्ट जवळ होती आणि ती घेऊन जायला एक दार उरलं नव्हतं. ना चारुदत्तबाबूंचं, ना युनियनचं, ना घरचं. घरी तर मी होते, आणि माझ्या घरात संपलेली फिर्याद पुन्हा आणायची नाही हा कायदा सगळ्यांना पाठ. अशी गोष्ट किती दिवस हातात धरून उभं राहणार माणूस? त्यापेक्षा बिडी घेतली. बिडी तरी ठेवायला जागा होती.

घरी शुभदानं शिरा केला होता. केशर घालून. “सुटलात आई,” म्हणाली, आणि माझ्या पाया पडली, जे ती सणालाही टाळते. मी म्हटलं, “ऊठ. ती कानातली बोंडकं काढ आणि इकडे ये.” परडी तिच्यापुढं धरली. “धर.” “काय?” “कडी धर. आणि ओढ.” “आई, मला पाच मिनिटांत मीटिंग आहे.” “मग पटकन ओढ.” सारंग पायातले बूट काढता काढता तसाच राहिला. शुभदानं त्याच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि कडी धरली. आधी हलकेच ओढली, मुलाच्या हातून खेळणं घ्यावं तशी. “जेवली नाहीस का? ओढ!” मग ओढली. चांगली ओढते, दंडात जोर आहे तिच्या. मीही ओढली. पायाखाली लाकडी जमीन, ओलं काही नाही. तिचा श्वास माझ्या तोंडावर आला, वेलदोड्याचा. आता. ब्रीडानं दाखवलं तसं. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. फार सोपं होतं; खांबांपाशी मी पाहिलं होतं, एकेक बोट कसं उघडतं. मी बोटांना सांगितलं. शुभदा ओढत होती आणि हसत होती, मग हसायची थांबली.

“आई, सोडा आता.”

माझी बोटं पांढरी पडली होती. मी त्यांच्याकडे बघत होते, ती माझी नसल्यासारखी.

“आई,” शुभदा हळू म्हणाली, “सोडा ना.”